कुंभारमाशीचा पावसाळा

चेन्नईत पाऊस दिवाळीला येतो, हे मान्य करायला मला पंधरा वर्षं लागली. तोवर दर जूनमध्ये मी पापड-कुरडया घाईघाईनं डब्यात भरायची, छत्र्यांच्या काड्या तपासायची, आणि शेजारच्या मामी कुंपणापलीकडून नवलानं बघत राहायच्या. जूनमध्ये इथं डांबर वितळतं. पाऊस येतो तो आश्विन सरताना, समुद्राकडून, आकाशकंदिलाचा कागद भिजवत. आणि एकदा आला की मुक्काम हलवत नाही. मिठाला पाणी सुटतं, काडी पेटत नाही, टॉवेल चार-चार दिवस दमट राहून ओल्या कुत्र्यासारखे वास मारतात.

परवा असाच पाऊस लागलेला असताना सानिका, माझी नात, पेरुंगुडीच्या ऑफिसातून नवे बूट घेऊन आली. खोक्यात ती नेहमीची कागदी पुडी होती, दमटपणा शोषून घेणारी. "पाट्टी, ते खायचं नसतं हं," ती म्हणाली. तिला मी कधी आजी असते, कधी पाट्टी. ते तिच्या दिवसभरात किती तमिळ बोलणं झालं त्यावर. मी पुडी फाडून बघितली. आत पांढरे मणी. मला निळे हवे होते.

निळ्या मण्यांसाठी आमच्या घरात एक वेगळी कढई होती. पल्लावरमच्या घरात, दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला. विमान बराच काळ उभं राहणार असलं की त्याच्या इंजिनातले वरचे चार प्लग काढायचे, आणि त्या जागी हे खडे भरलेल्या पारदर्शक बुचं बसवायची. खडे निळे आहेत तोवर इंजिन आतून कोरडं. गुलाबी झाले की आत दमट हवा शिरली, गंजाला सुरुवात. मग आमचे हे ती बुचं पिशवीत घालून घरी आणायचे, मी खडे कढईत ओतून मंद आचेवर परतायची. परतता परतता ते पुन्हा निळे होत. रव्याला मी एवढा जीव लावला असता तर सासूबाई सुखानं गेल्या असत्या.

त्या साली मी ते खडे इतक्या वेळा परतले की शेवटी ते निळे होईनात. राखाडी-जांभळे होऊन तिथंच थांबले.

आता विमान कुठून आलं ते सांगते. आमचे हे आवडी गावातल्या सरकारी कारखान्यात तीस वर्षं रणगाड्यांच्या मागे. पण तरुणपणी क्लबात उडायला शिकले होते आणि परवाना त्यांनी सोडला नव्हता. दर वर्षी डॉक्टरी तपासणी करून घेत, महिन्या-दोन महिन्यांनी क्लबाचं विमान घेऊन तासभर फिरून येत. निवृत्त झाले आणि एका मळेवाल्याच्या घरचं जुनं दोन आसनांचं विमान घेतलं. आमच्या लग्नाच्या सालचं. "दोघी एकाच सालच्या," असं हे पाहुण्यांना सांगत, आणि कोणाचा रंग जास्त उडालाय ते पाहुण्यांनी ठरवावं म्हणून गप्प बसत.

त्या खड्यांच्या साली मी त्रेपन्न वर्षांची. आज मला ती बाई आठवली की तिच्या डोक्यात एक टपली मारावीशी वाटते. स्वतःला फार पोक्त समजायची. मांजर आडवं गेलं तर भाजी घ्यायची थांबायची, आणि शास्त्राची पदवी असल्याचं पुन्हा चारचौघांत सांगायची. विमान लोखंडाचं नाही हे तिला कळलं त्या दिवशीचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

"मग कशाचं?"

"ॲल्युमिनियमचं."

"म्हणजे आपल्या पोळ्यांच्या डब्याचं."

"हो. पण डबा पडला की नुसता पोचा येतो," हे म्हणाले, आणि वर्तमानपत्र वाचू लागले.

उडायचा तास एक, तर निगा दहा तास. मीनंबाक्कमला, विमानतळाच्या मागच्या अंगाला पत्र्याची जुनी शेड होती, तिथं हे विमान उभं असे. आत शिरलं की पेट्रोलचा, रबराचा आणि चिमण्यांच्या शिटेचा मिळून एक वास यायचा. पेट्रोल निळसर. उडायच्या आधी पंखाखालच्या नळातून ते काचेच्या नळकांड्यात थोडं काढायचं आणि उजेडात धरायचं. तळाशी पाण्याचा थेंब दिसतो का ते बघायचं. हे काम हे इतक्या गंभीरपणे करत की मला दवाखान्यातल्या तपासणीची आठवण व्हायची. प्लग घासायचे, तेल बदलायचं, जुन्या तेलाचा गाळणा कापून त्यात धातूचा कीस आहे का ते बोटांनी चाचपायचं. समुद्राची हवा सांध्या-सांध्यांत पांढरी बुरशी आणते, ती पुसायला माझ्या जुन्या सुती साड्या जात. मी तिथं स्टुलावर बसून चिवडा खायची आणि नको तिथं बोलायची.

आणि प्रत्येक उड्डाणाआधी ह्यांची प्रदक्षिणा. नाकापासून सुरुवात, डावा पंख, शेपूट, उजवा पंख, पुन्हा नाक. हातात यादी असे, पाठ असूनही. बोट ठेवून वाचायचे. डाव्या पंखाखाली एक बोटभर जाडीची नळी पुढे डोकावत असे, तिच्यावर लाल फीत लावलेली टोपी. ती टोपी काढायची, वाकून एक डोळा मिटून नळीत बघायचं. विमान धावू लागलं की त्या नळीत वारा शिरतो, त्या वाऱ्यावर समोरचा वेगाचा काटा चढतो. काटा नाही तर आपण उचलण्याइतके जोरात धावतोय का हे चालवणाऱ्याला कळत नाही. हे मला ह्यांनी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असेलही. मी चिवडा खात असेन.

मी त्या विमानात कधी बसले नव्हते. दुसरं आसन रिकामं असायचं, नाहीतर त्यात गोविंदराव. गोविंदराव म्हणजे आमचे इंजिनियर, तांबरमच्या हवाई दलातून निवृत्त झालेले. विमान उडायला योग्य आहे अशी सही करायचा अधिकार त्यांचा. मूळ तंजावरचे मराठी. त्यांची मराठी तीनशे वर्षं बरणीत मुरलेली. 'सगळं'ला अस्की म्हणत. मी पुण्याची, त्यामुळे पहिली दोन वर्षं मी त्यांच्या बोलण्याला तोंड दाबून हसले. मग एकदा ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही काल आलांत. आम्ही इथं शहाजीराजांच्या पोरांबरोबर आलों." तेव्हापासून हसायचं बंद.

त्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी ह्यांच्या तपासणीच्या कागदावर सही केली, पण पेन खाली ठेवून म्हणाले, "दातार सार, ही शेवटची. साखर आणि हृदय दोन्ही बघून पुढच्या खेपेला मी सही करणार नाही." कागदाची मुदत डिसेंबरअखेर. त्यानंतर ह्यांनी एकट्यानं विमान उडवायचं नाही, कायमचं.

आणि विमान तेव्हा उघडून ठेवलेलं. वर्षाची मोठी तपासणी चालू होती, एका सिलिंडरचं काम निघालं होतं, सुटे भाग यायचे होते. ह्यांनी घरी आल्यावर चप्पल काढता काढता मला सांगितलं, आणि मग म्हणाले, "एकदा तू बस. नोव्हेंबरात पुलिकतच्या तळ्यावर रोहित पक्षी उतरतात. किनाऱ्याकिनाऱ्यानं वर जायचं, तळ्याला एक वळसा घालायचा आणि परत. वरून सगळं पाणी गुलाबी दिसतं. तासाभराचं काम."

बत्तीस वर्षांत ह्या माणसानं माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. लोणच्याची बाटली उघडून द्यायची झाली तरी मीच हाक मारायची. मी म्हटलं, "बसेन. पण आधी विमानाची पूजा. पूजेशिवाय मी त्या डब्यात पाय ठेवणार नाही." बघा, शास्त्राची पदवी.

हे हसले. "आयुधपूजेला करू."

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, इथं साऱ्या गावाची यंत्रं नटतात. अंबत्तूरच्या कारखान्यांतली लेथ, बस, रिक्षा, इस्त्रीवाल्याची इस्त्री, सगळ्यांना चंदन-कुंकू, चाकाखाली लिंबू, दारात कोहळा फोडलेला. आमच्या शेडमध्ये त्या दिवशी घोटाभर पाणी होतं. पाऊस लवकर आला होता. गोविंदराव पँट दुमडून उभे. "अस्की पाणीच पाणी, बाई. विमान कशास घेतलंत, होडी घ्यायची होती." पूजा राहिली.

मग तो पाऊस. तेव्हाचा ऑक्टोबर, नोव्हेंबर मला एकाच लांब दिवसासारखा आठवतो. पल्लावरमच्या गल्लीतून विटांवर पाय देत चालायचं. हे रोज सकाळी टीव्हीवर ढगांचं चित्र बघत, मग खिडकीतून खरे ढग बघत, आणि दोन्ही जुळले की टीव्ही बंद करत. सुटे भाग आले, बसले. गोविंदरावांनी सही केली, विमानखात्याच्या कार्यालयाचा कागदही आला. पाऊस थांबेना. मी खडे परतत होते. गॅसवर निळं, शेडमध्ये गुलाबी, पुन्हा गॅसवर. त्यावेळी मला ते गमतीचं वाटायचं. मनातून मी खूषही होते हे कबूल करून टाकते. डिसेंबर संपेल, आपलं वचनही राहील आणि पायही जमिनीवर राहतील, असा त्या बाईचा हिशेब.

नोव्हेंबराच्या शेवटच्या आठवड्यात एक सकाळ कोरडी उजाडली. लख्ख ऊन, झाडं धुतलेली, कावळे पंख पसरून बसलेले. ह्यांनी टॉवरला फोन केला. मोठ्या विमानांच्या मधल्या फटीत आम्हांला दहाची वेळ मिळाली. मी पूजेचं तबक पिशवीत घातलं. चंदन घरीच उगाळलं, दाट, कापूर घालून, वाटीभर. दमट हवेत ते पटकन वाळणार नाही म्हणून मुद्दाम दाट.

शेडबाहेर विमान उन्हात उभं होतं. हे यादी घेऊन प्रदक्षिणेला निघाले. मी तबक धरून मागे. नाक, डावा पंख. त्यांनी टोपी काढली, वाकले, एक डोळा मिटला, नळीत बघितलं. मी बघितलं त्यांना बघताना. हे महत्त्वाचं आहे म्हणून दोनदा सांगते. शेपूट, उजवा पंख, नाक. यादी खिशात. "चल, कर तुझी पूजा, दहा मिनिटं आहेत," म्हणाले आणि गोविंदरावांच्या वहीवर सही करायला शेडमध्ये गेले.

मी पंख्याला कुंकू लावलं, चाकांना लावलं, लिंबं ठेवली. वाटीत चंदन भरपूर उरलेलं. मग मला ती नळी दिसली. पुढे आलेली, टोकाला भोक असलेली, बिचारी नागडी. देवाच्या कपाळाला लावतात तसं मी तिच्या तोंडाला चंदन लावलं. एका बोटानं लागेना म्हणून जरा दाबून. वर कुंकवाचा ठिपका लावायचा होता, पण हे आले, चला म्हणाले, तो राहिला. ठिपका लावला असता तर ह्यांना लाल दिसलं असतं.

आत बसले. पट्टा ह्यांनी बांधला. माझ्या मांडीवर तबकातलं उरलेलं नारळाचं भक्कल. इंजिन सुरू झालं तशी सगळे दात वाजू लागले. टॉवरवरून कोणी भराभर इंग्रजी बोललं, ह्यांनी तितक्याच भराभर उत्तर दिलं, आणि मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. घरी हा माणूस एका वाक्याला पाव तास लावतो.

धावपट्टी. जोर दिला. गवत मागे जाऊ लागलं, मग त्याची हिरवी रेघ झाली. मी डोळे मिटले नव्हते, हे मला स्वतःलाच नवल वाटलं. पाठीला कोणीतरी हळूच रेटतंय असं वाटत होतं आणि ते आवडत होतं. पुढचं चाक हलकं झालं. त्या क्षणी माझी तयारी होती. पुलिकत काय, रामेश्वर म्हणाले असते तरी.

हे समोरच्या काट्याकडे बघत होते. काटा शून्यावर. त्यांनी बोटानं काचेवर टिचकी मारली, एकदा. मग हात मागे घेतला, इंजिनाचा आवाज पडला, ब्रेक लागले, नारळ माझ्या मांडीवरून खाली गेला.

"काय झालं?"

"काही नाही. बस तू."

शेडशी परत आलो तेव्हा गोविंदराव धावत आले. "काटा हालेना कां, सार?" हे खाली उतरले, पंखाखाली वाकले. खिशातली तार काढून नळीत घातली, खरवडलं, जे निघालं ते रुमालात घेतलं. बोट नाकाजवळ नेलं. फार थोडा वेळ. मग रुमालाची घडी घातली.

"कुंभारमाशी," हे म्हणाले. "मातीचं घर केलंय."

ही माशी मातीच्या गोळ्या आणून भोकाभोकांत घरं करते. विमानाच्या नळ्यांचं तिला भारी प्रेम, म्हणून तर टोपी. गोविंदरावांनी रुमालाकडे बघितलं, माझ्या हातातल्या तबकाकडे बघितलं. तंजावरच्या देवघरात वाढलेल्या माणसाला कापूर-चंदनाचा वास कळला नसेल, असं मी मानत नाही. "माशीच," ते म्हणाले. "पावसांत फार होतात." आणि जाऊन पान्यांचा डबा आवरू लागले.

दुपारी दोनला ढग परत आले.

तो रुमाल दुसऱ्या दिवशी माझ्याकडे धुवायला आला. तो मी नाकाला लावला आणि न्हाणीघरात पाटावर बसून राहिले. वाटलं होतं हे काही बोलतील. हे जेवताना म्हणाले, "आमटी छान झालीय."

मोठ्या विमानतळावर उड्डाण सोडून दिलं की त्याचा अहवाल जातो. कार्यालयातून पत्र आलं: नळीत कीटकाचं घर होतं, तर उड्डाणापूर्वी ती तपासली होती का? उत्तर येऊन चौकशी पुरी होईपर्यंत विमान उडवू नये. ह्यांनी टेबलाशी बसून उत्तर लिहिलं. पोस्टात टाकायला मला दिलं, पाकीट उघडंच. मी वाटेत वाचलं. इंग्रजीत एकच ओळ: नळीत कुंभारमाशीचं घर होतं, त्या सकाळी मी ती तपासली नव्हती, चूक माझी आहे.

ज्या माणसानं घराचं कुलूपसुद्धा कधी तीनदा ओढून बघितल्याशिवाय सोडलं नाही, त्यानं लेखी दिलं होतं की मी बघितलं नाही. बघितलं म्हटलं असतं तर दहा मिनिटांत घर कुठून आलं, असं कोणीतरी विचारलं असतं.

मी पेटीसमोर छत्री धरून उभी होते. परत जावं, सांगावं, खरं काय ते लिहायला लावावं. चंदनाचं लिहिलं तरी दोष त्यांच्यावरच येणार, बायकोला विमानाला हात लावू दिला म्हणून. हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं, ते मी नंतर स्वतःच्या समाधानासाठी शोधून काढलं. तेव्हा एवढंच वाटलं की गोविंदराव हसतील, मामी हसतील, पुण्याला नणंदा हसतील. ती त्रेपन्न वर्षांची पोक्त बाई हसण्याला घाबरली. पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं. येताना कोथिंबीर घेतली.

चौकशी फेब्रुवारीत संपली. समज देऊन सोडलं. ह्यांच्या कागदाची मुदत डिसेंबरातच गेली होती. डॉक्टरांनी आपला शब्द पाळला.

त्यानंतर हे शेडमध्ये जात, पुसत, इंजिन थोडं फिरवून येत. मग आठवड्यानं, मग महिन्यानं. मी खडे परतायचे थांबवले ते कधी, ते आठवत नाही. कढईत एकदा शेंगदाणे भाजलेले दिसले म्हणून हे ओरडले, तेव्हा कळलं की बरेच दिवस झाले. विषारी असतं म्हणे ते. मी म्हटलं, घासून घेतलीय तीनदा. विमान विकत घ्यायला कोणी आलं नाही. शेवटी तांबरमच्या पुढच्या एका इंजिनियरिंग कॉलेजनं नेलं, पोरांना दाखवायला. इंजिन काढून प्रयोगशाळेत ठेवलं, धड फाटकापाशी विटांच्या खांबांवर चढवलं.

शेवटच्या आजारात एकदा मी हिय्या केला. हे पलंगावर, मी मोसंबं सोलत. म्हटलं, "ते चंदन होतं. मी लावलेलं."

"कुठलं चंदन?"

"नळीतलं."

"माती होती," हे म्हणाले. "मी बघितली ना." आणि मोसंब्याची फोड मागितली. माफी मागायला दार उघडावं तर ह्यांनी आतून कडी घातलेली. ती कडी आता काढणारं कोणी नाही. गोविंदरावही गेले. त्या सकाळी हा माणूस वाकला होता, एक डोळा मिटून त्यानं नळीत बघितलं होतं, हे जगात फक्त मला माहीत आहे, आणि माझं कोण ऐकतं. कार्यालयाच्या कपाटात कुठेतरी कागद आहे, त्यात दातार निष्काळजी आहेत.

ह्या आयुधपूजेला सानिकानं गाडीला हार घातला आणि म्हणाली, "चल पाट्टी, तुझ्या विमानालाही भेटून येऊ." मी चंदनाची डबी पर्समध्ये टाकली, सवयीनं. पाऊस थांबून थांबून पडत होता. कॉलेजच्या वॉचमननं सुटी असूनही फाटक उघडलं. विमान निळ्या रंगानं रंगवलेलं, तेही पोपडे येऊन. दाराच्या काचेमागे कबुतरांनी घर केलेलं. दोन आसनांतलं एकही शिल्लक नाही.

नळी मात्र होती. खांब बुटके, हात पोचला. टोपी नाही, फीत नाही. मी वाकून, एक डोळा मिटून बघितलं. काही दिसेना. बोट लावलं तर टणक लागलं. माती. नीट लिंपलेली, गोल, मधे कुंभारानं थापल्यासारख्या बारीक वळ्या. घर ताजं असावं. कडेला अजून ओल होती.

सानिकानं फोनचा उजेड पाडला. "वास्पचं नेस्ट आहे, आजी. काढू का?"

तिच्या हातात गाडीची किल्ली होती, टोकदार. एका झटक्यात निघालं असतं.

"राहू दे," मी म्हटलं. "आजोबांच्या पत्रात तसंच लिहिलंय."